फांदी कापायच्या आधीची लंका

ट्रिपहून आल्यावर बॅगा दोन दिवसांत रिकाम्या होतात. किस्से मात्र रिकामे होत नाहीत, उलट फुगतात. आमच्या कॉलनीची श्रीलंकेची ट्रिप होऊन बरेच महिने झाले, तरी रविवारी विहारात वंदना संपून चहा आला, की सुलभामावशी सुरू होतात. आणि दर रविवारी त्यांच्या किश्शातली घोरपड फूटभर वाढते! तिची मगर व्हायच्या आत सगळं लिहून काढावं म्हणून बसले आहे.

ट्रिप मी काढली होती. का काढली, ते आधी सांगते.

नाशिकला इंदिरानगरच्या मागे, नाल्याच्या कडेला आमची कॉलनी. विहारामागे मोठा पिंपळ आहे. त्याची एक जाडजूड फांदी वाकत वाकत पोरांच्या अभ्यासिकेच्या पत्र्यावर आली होती. कमिटीने ठरवलं, कापायची! कमिटी म्हणजे गांगुर्डे काका. मूळचे निफाडकडचे, बसच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर.

मी पर्यावरण विषयात एमएस्सी. सावली, पक्षी, वटवाघळं, ऑक्सिजन, सगळं सांगून झालं. काकांचं एकच उत्तर. "त्यात काय इशेष? उद्या पोरांच्या डोक्यावर पडली, तर तू धरणार हाय का?"

पण गप्प बसणं मला जमत नाही.

"काका, अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचाय ना सगळ्यांना? मी नेते. तोवर फांदीला हात लावायचा नाही."

"चालंल. पण आल्यावर पहिल्या रविवारी मशीनवाला बोलावणार."

मी हात पुढे केला, काकांनी मिळवला. आणि मी ठरवलं, या माणसाला इतकी झाडं, इतके प्राणी दाखवायचे, की 'हे इशेष हाय' असं त्यांच्या तोंडून निघायला हवं!

*

पहिलीच सकाळ. समुद्राजवळचं साधं हॉटेल, अंगणात नाश्ता. मी सगळ्यांना भूगोल सांगत होते. नकाशावर थेंबाएवढा देश, मधोमध डोंगर, तिथून नद्या चारी दिशांना उतरतात, एका बाजूला बारमाही ओलं जंगल, दुसऱ्या बाजूला आपल्यासारखं कोरडं रान...

कोणी ऐकत नव्हतं. सगळे माझ्या पायांकडे बघत होते.

माझ्या खुर्चीखालून पुरुषभर लांबीची घोरपड शांतपणे चालली होती. सुलभामावशी, महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई, साडी सावरत टेबलावर! वेटर धावत आला. आम्हाला वाटलं, हाकलायला आला. त्याने वाटेतली खुर्ची बाजूला केली आणि घोरपडीला रस्ता करून दिला.

मावशी टेबलावरूनच म्हणाल्या, "आपल्याकडे रिक्षावाले माणसाला एवढा रस्ता देत नाहीत गं!"

मी काकांकडे पाहिलं. काका इडिअप्पम खात होते. "शेवयाच हायेत. त्यात काय इशेष?"

*

गांगुर्डे काकींनी नाशिकहून ठेचा आणला होता. परक्या देशात जेवण अळणी असतं, हा त्यांचा ठाम समज. आमचा ड्रायव्हर नुवान, हिंदी पिक्चर बघून हिंदी शिकलेला गोड मुलगा. काकींनी त्याला चिमूटभर ठेचा देऊन बजावलं, "बेटा, संभालके. बहुत तीखा है."

नुवानने चिमूट खाल्ली. मग वाटी जवळ ओढली. मग भातावर घेऊन सगळी संपवली.

"बहुत अच्छा है आंटी. इसमें मिर्च डालते तो और अच्छा लगता."

काकींनी उरलेल्या ठेच्याची बरणी उचलून बॅगेत तळाशी ठेवली.

*

कँडीजवळच्या बागेत झाडांवर वटवाघळं लटकलेली. मोठी, कोल्ह्यासारख्या तोंडाची, शेकड्यांनी. माझी वेळ आली होती! मी सुरू झाले. ही वटवाघळं फळं खातात, बिया लांबवर टाकतात, जंगल हीच पेरतात. आपल्या पिंपळावर येतात तीसुद्धा...

लोक माना वर करून बघत होते. मावशींचे तर डोळे भरून आले. शेवटी काका बोलले.

"गाड्या कुठं लावतात गं इथं? ह्यांच्याखाली लावत असतील, तर कठीण हाय."

*

या देशात एक नियम फार कडक. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. तो अपमान समजतात.

दंबुल्लाच्या लेण्यांत आम्ही ग्रुप फोटोसाठी रांगा लावल्या. उंच मागे, बुटके पुढे, काकांनी केस विंचरले. तेवढ्यात राखणदार धावत आला. मूर्ती आमच्या मागे! सगळे ओशाळले. वंदनेचे पाठ म्हणणारी माणसं आम्ही, आणि आम्हाला कोणीतरी येऊन सांगावं?

आता फोटो कसा काढायचा? तोड मावशींनी काढली. "अरे, सगळे वळा की मूर्तीकडं!"

म्हणून आमच्या ट्रिपच्या एकमेव ग्रुप फोटोत फक्त पाठी आहेत. तो विहारात फ्रेम करून लावलाय. येणारा-जाणारा विचारतो, यात काका कोणते? काकी सांगतात, "ते बघा, हात मागं बांधलेले. देशात असो नाहीतर परदेशात, ते हात काही सुटत नाहीत."

*

सिगिरियाचा खडक. रानातून सरळ वर उठलेला प्रचंड दगड, माथ्यावर जुन्या राजवाड्याचे अवशेष. पायऱ्यांजवळ पाटी: आवाज करू नका, गांधीलमाश्यांची पोळी आहेत.

आमची कॉलनी आणि आवाज करू नका! मी हात जोडले. "प्लीज. फक्त एवढा टप्पा."

आणि खरंच, सगळे गप्प. पायांचा आवाज तेवढा येत होता. मला भरून आलं. निसर्गापुढे माणूस मौन होतो, असं काहीबाही मनात यायला लागलं. तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. सुनेचा व्हिडिओ कॉल! सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक.

मावशींनी फोन उचलला, कॅमेरा पाटीकडे वळवला आणि ओठावर बोट ठेवलं. पलीकडे सून क्षणभर बघत राहिली. मग तीही कुजबुजत म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या किती करू?"

मावशींनी तीन बोटं दाखवली.

*

बिबट्यासाठी आम्ही विल्पट्टूच्या जंगलात पहाटेपासून जीपमधून धूळ खात होतो. मी जिद्दीला पेटले होते. दिसल्याशिवाय परत जायचं नाही! मावशींचा डबा संपला, पाणी संपलं, काकींची कंबर गेली. आणि एका तळ्याच्या वळणावर तो निघाला. लाल मातीच्या रस्त्यावर, ऐन उन्हात, निवांत. आमच्याकडे एकदा पाहिलं, जांभई दिली, झाडीत गेला.

नुवान कुजबुजला, "सर, बहुत लकी हो आप."

काका म्हणाले, "आमच्या नाल्याला आलता तो याच्यापेक्षा मोठा होता."

मी ते हिंदीत सांगताच नुवानचे डोळे विस्फारले. "आपके घर के पास? फिर तो कितनी जीप आती होंगी!"

"जीप एकच. फॉरेस्टवाल्यांची," काका म्हणाले. "बाकी सगळं पब्लिक."

मी कपाळावर हात मारला. आता एकच ठिकाण उरलं होतं.

*

अनुराधपूर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, हातात कमळं. एक सम्राटकन्या बुद्धगयेहून समुद्र ओलांडून फांदी घेऊन आली, तिचं हे झाड. दोन हजारांहून जास्त वर्षं माणसांनी राखण करून जगवलेलं. मला वाटलं होतं, प्रचंड असेल. तर नाही. बारीक, वाकडं, म्हातारं. आणि त्याच्या फांद्यांखाली उंच सोनेरी टेकू लावलेले, आजोबांना काठ्या द्याव्यात तसे.

काकी रडल्या. मावशी रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

काका कोरडे! हात मागे बांधून त्यांनी कठड्याबाहेरून एक फेरी मारली. मग दुसरी. मग खाली बसून, मान वाकडी करून वर बघत राहिले, इतके की पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला. मला राहवेना.

"काका, आता तरी काहीतरी बोला!"

काका उठले, गुडघे झटकले. "फरशी लय तापलीय. पाय भाजतात. चल."

परतीच्या विमानात मी मुद्दाम त्यांच्यापासून लांबची सीट घेतली. ते खिडकीला डोकं टेकून झोपले होते. पण मी हरले नव्हते. उतरायच्या आत मनाशी पक्कं केलं. रविवारी फांदीखाली बसायचं. कापा म्हणावं, मला उचलून बाजूला ठेवा आणि मग कापा!

*

रविवार उजाडला. मी चटई, पाण्याची बाटली घेऊन पिंपळाखाली मांडी ठोकली. आई गॅलरीतून ओरडली, "प्रज्ञा, नाश्ता तरी करून बस!" वंदनेला आलेले लोक जयभीम घालून लांबून बघत उभे राहिले. मावशी चहा घेऊन आल्या आणि बाजूला बसल्या. "बसते गं. पण गुडघे दुखले तर उठेन हं."

मशीनवाला आला. त्याने दोर काढला, करवतीचं मशीन काढलं, मला बघून डोकं खाजवलं. "ताई, मला गांगुर्डे साहेबांनी बोलावलंय. तुम्ही उठा ना."

"त्यांनाच येऊ दे," मी म्हणाले.

तेवढ्यात सातपूर एमआयडीसीकडून एक टेम्पो आला. पुढे काका. मागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबच लांब.

काका उतरले. माझ्याकडे बघितलं, मशीनवाल्याकडे बघितलं.

"ते मशीन ठेव खाली," त्यांनी त्याला सांगितलं. "आणि ह्याला हात लाव. प्रज्ञा, तू पण ऊठ. चटईच्याच जागी खड्डा घ्यायचाय."

चादर निघाली. आत जाड लोखंडी पाइप. वरच्या टोकाला वाकवलेली पट्टी, फांदी बसेल अशी, आणि तिला आतून टायरचं रबर लावलेलं. दुपारपर्यंत खड्डा झाला, सिमेंट भरलं, पाइप उभा राहिला. फांदी पत्र्यावरून वीतभर उचलली गेली. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. उन्हात पाइप नुसता झगझगत होता.

मशीनवाला घाम पुसत वर बघत राहिला.

"साहेब, सगळं ठीक. पण ह्याला सोनेरी रंग कशाला दिला?"

काकांनी हात मागे बांधले.

"दुकानात लाल संपला होता."