पुलावर वाचवलेलं पेट्रोल

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. कुसुमपाशीसुद्धा नाही – माझ्या बायकोपाशी – आणि ती तर तेव्हा माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती, सगळं बघत होती. ती गेली. तिनंही शेवटपर्यंत विषय काढला नाही. आता तुम्हाला सांगून राहिलो. मात्र दम धरा थोडा. मला धड सरळ बोलता येत नाही, आधी गावभर फिरतो, मग घरी येतो.

परवा जावयानं मोबाइलवर एक गाडी दाखवली. मोठी, घरासारखी. आत पलंग, शेगडी, मोरीसुद्धा. म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळा जन्म गाड्यांत काढला. तेल एवढं महाग होऊन राहिलं, अशी गाडी घ्यावी का?" मी म्हटलं, बघा बुवा तुमचं तुम्ही. अन् उठून अंगणात गेलो. काय सांगणार त्याला? अशी गाडी मी घेतली होती, अन् पेट्रोल भडकलं तेव्हाच घेतली होती, हे त्याला कुठं माहीत?

लढाईच्या वर्षांत मी जबलपूरच्या कारखान्यात फौजी ट्रकांच्या टेस्टिंगला होतो. नवी गाडी घ्यायची, चढावर घालायची, इंजिनाचा आवाज ऐकायचा. एकाहत्तरला तर जेवायची फुरसत नव्हती. धाकटा भाऊ वसंता फौजेत, सीमेवर. त्याचं पत्र येईना. आई एक दिवस ग्वारीघाटावर नर्मदेत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि बोलली – माई, माझा वसंता धड परत येऊ दे, मी तुझी परिक्रमा करीन.

परिक्रमा म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तुम्ही लांबचे असाल तर सांगतो. नर्मदा उजव्या हाताला ठेवून तिला पूर्ण फेरी घालायची. उगमाला वळसा, खाली समुद्रापाशी नावेतून वळसा, आणि परत निघालो त्या घाटावर. मधे कुठंही तिला ओलांडायचं नाही. ओलांडली की परिक्रमा मोडली. बाकी शंभर चुका माई पोटात घालते, ही नाही.

वसंता परत आला, बरं का. हातापायानं धड. फौज सोडून माझ्याच कारखान्यात लागला. आणि आईचा जीव नवसात अडकला, कारण तिचे गुडघे गेलेले. ओटा चढताना दोनदा थांबायची. चालत परिक्रमा कुठून करणार?

तेवढ्यात फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला. त्यात एक अँब्युलन्स होती, पेट्रोलवर चालणारी, बैलासारखी दणकट. नुकताच पेट्रोलचा भाव असा चढला होता की लोक स्कूटरी घरी ठेवून सायकली काढत होते. म्हणून तिच्याकडं कोणी बघेना, अन् म्हणूनच ती मला परवडली. शहाणपणा होता का तो? लिटरला चार किलोमीटर दिले तर उपकार. शेजारचे पांडेजी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "भैया, हाथी तो ले आए, अब खिलाओगे क्या?" सगळी कॉलनी हसली. मला ते फार झोंबलं. मी म्हणालो, बघत राहा पांडेजी, फेरी पूर्ण करून येईन अन् वरून राखीव पेट्रोलचा डबा न उघडता, भरलेला परत आणून दाखवीन.

हे असं बोलायला नको होतं.

पण ते दिवस काय सांगू तुम्हाला. दर रविवारी वसंता आणि मी त्या गाडीत. रुग्णांचे स्ट्रेचर काढून आईसाठी सागवानी बाज ठोकली. मसाल्याचे डबे उडू नयेत म्हणून कुसुमनं जुन्या ट्यूबच्या रबराच्या चकत्या खाली घातल्या. खाकी कापडाचे पडदे शिवले. आई अंगणात उभ्या गाडीतच जाऊन बसायची, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. म्हणायची, "माझा बंगला पाहिला का हो?" वडील गेल्यापासून तिला इतकं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

चातुर्मास संपल्यावर निघालो. वसंताला सुट्टी मिळाली नाही, तो घाटावर गाडीला नारळ फोडून मागं राहिला. आम्ही तिघं. गावोगाव लोक गाडी बघायला धावत, अन् आत म्हातारी परिक्रमावासी आहे म्हटलं की पाया पडत. "नर्मदे हर" म्हणून कोणी गूळ द्यायचं, कोणी भाजलेल्या शेंगा. गाडीच्या सावलीत बाट्या भाजायच्या, तूप ओतायचं, आणि आईनं नदीकडं बघत दोन घास जास्त खायचे. माझ्या आयुष्यात त्यासारखे दिवस पुन्हा आले नाहीत. खरंच नाही आले.

अन् त्यातच मी ते केलं.

दक्षिणेच्या तीरावर एक ठिकाण आहे, नाव सांगत नाही. तिथं नदीकाठची वाट गाडीची नाही. सडक पार डोंगरात शिरते, मोठा वळसा घालून पुन्हा काठाशी येते. पण तिथंच एक पूल होता. पुलावरून पलीकडं गेलं तर सरळ सपाट रस्ता, आणि पुढच्या पुलावरून परत आपल्या तीरावर. अर्धं पेट्रोल वाचत होतं. तिथल्या पंपावर पेट्रोल संपलेलं. पंपवाल्यानंच सांगितलं, सगळ्या गाड्या तिकडूनच जातात म्हणून. मी टाकीचा काटा पाहिला. मागं भरलेला डबा होता – होय, होता, खोटं काहून बोलू? तो ओतला असता तर डोंगरातून आरामात निघालो असतो. पण मग पांडेजींना काय दाखवणार होतो?

आई जेवून बाजेवर आडवी झाली होती. मी मागं गेलो, म्हणालो, आई, पुढं धूळ फार आहे, पडदे पाडतो. ती म्हणाली, "पाड रे बाप्पा. तू आहेस ना." आणि कुशीवर वळली.

मी गाडी पुलावर घातली. पुलावर चाकांचा आवाज बदलतो, पोकळ होतो. मला वाटलं, आता उठेल. उठली नाही. सवयीनं माझा हात खिशात गेला, माईत नाणं टाकायला, अन् तिथंच थिजला. कुसुमनं माझ्याकडं पाहिलं. "अहो," एवढंच म्हणाली. मी समोर बघत राहिलो. मग तिनंही तोंड खिडकीकडं केलं. दुसऱ्या पुलावरून परत आलो तेव्हा आई घोरत होती.

समुद्रापाशी आई अन् कुसुम नावेतून गेल्या, रिकामी गाडी मी पुलावरून आणली, तेवढं चालतं. ग्वारीघाटावर परतलो तेव्हा आईनं कुमारिकांना जेवू घातलं. कॉलनीतल्या बाया तिच्या पाया पडल्या. मी पांडेजींना भरलेला डबा दाखवला. ते म्हणाले, "मान गए भैया." मी हसलो. तेव्हा मला लाज वाटली का? थोडी. त्याहून जास्त मजा वाटली, हेही सांगून टाकतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मीही विसरलो असतो. पण काही वर्षांनी वसंताला कावीळ झाली. दवाखाने झाले, झाडपाला झाला. शेवटी आईनं त्याच्या खाटेशी बसून ओंजळीत नर्मदेचं पाणी घेतलं आणि म्हणाली, माझ्या परिक्रमेचं सगळं पुण्य ह्याला दिलं. पाणी सोडलं. मी दारात उभा होतो.

वसंता गेला.

नवसाची फेरी नीट झाली असती तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. कावीळ कावीळ असते. पण आई तसं मानत नव्हती. तेराव्यानंतर ती स्वतःची चूक शोधायला बसली. कुठल्या घाटावर अंघोळ राहिली होती, कुठं कुसुमवर चिडली होती, कुठल्या साधूला शिळी बाटी दिली होती. एकेक आठवायची अन् रडायची. मग एकदा मलाच म्हणाली, "तू होतास ना रे संग? सांग ना, माझं कुठं चुकलं?"

मी म्हणालो, तुझं कुठंच चुकलं नाही, आई.

खरंच बोललो ना? तेवढंच बोललो. पुलाचं सांगितलं नाही. लेकरू गेलेल्या बाईला आणखी दुखवू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघायची ती नजर मला जाऊ द्यायची नव्हती.

मग तिचं तिलाच उत्तर सापडलं. म्हणाली, "गाडीत बसून केली ना मी, म्हणून नाही पोचली माईला. माझ्या गुडघ्यांचे लाड केले मी." दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन अनवाणी ग्वारीघाटाला निघाली. रिक्षा नको, सायकल नको, माझा हात नको. वाटेत चार ठिकाणी बसायची. पाय सुजायचे, संध्याकाळी कुसुम तेल चोळायची, अन् सकाळी पुन्हा निघायची. मरेपर्यंत तिनं तो नेम सोडला नाही.

मी रोज तिच्या मागं चार पावलांवर असायचो. दोन वाक्यं बोललो असतो तर ती तिथंच थांबली असती, घरी येऊन पाय पसरून बसली असती. मी तिला चालू दिलं.