हो म्हणायची सवय

तिला सगळे परवानगीबाई म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं म्हणजे अंग पुसायचं, कपडे बदलायचे, घास भरवायचा. त्यात विचारत काय बसायचं? पण ही बया विचारायचीच. "आजोबा, सदरा काढू?" त्यांनी "हो" म्हटल्याशिवाय बोट लावायची नाही.

आजोबांना विसर पडत चालला, तेव्हा हिनं हट्टानं तेवढा एक शब्द टिकवला. ते गप्प राहिले की ही हात मागे घेऊन थांबायची; "हो" आलं की गालावरून हात फिरवायची. हळूहळू बाकीचे शब्द गेले, "नाही"सुद्धा गेलं. "हो" तेवढं ठणठणीत राहिलं. कर्म तिचं!

एक दिवस आजोबांचा मुलगा आला. माणूस वाईट नव्हता, थकला होता. बापापुढे खुर्ची ओढून म्हणाला, "बाबा, वृद्धाश्रमात जायचं ना?"

"हो."

"बघा मावशी. मी काही जबरदस्ती करत नाहीये."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे इस्पितळात ठेवलं होतं, तर आजोबांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. घरी या खाटेवर टेकले, तेव्हा कुठे दोन घोट दूध पोटात गेलं. "अहो दादा, काहीही विचारा, ते हो म्हणतील! आजोबा, इथंच राहायचं ना?"

"हो."

"खिडकीतून खाली ढकलू का तुम्हाला?"

"हो," आजोबा म्हणाले आणि लाडानं गाल पुढे केला.

मुलगा ओशाळला. "म्हणजे त्यांची कशालाच ना नाही."

"ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याचं हो काय चाटायचंय?" ती कडाडली. "आणि ते हो त्यांचं नाहीच. मीच घोटून घेतलंय ते, मी गाढव!"

"मग विचारायचं तरी कसं? तुम्हीच सांगा."

तिला आणखीच चीड आली. "गाडी किती वाजता बोलावलीय?"

"चारला."

"ठरवूनच आलात, तर विचारलंत कशाला?"

"विचारलं की बरं वाटतं," तो खाली बघत म्हणाला. मग उठला. "मावशी, त्यांचं सामान तुम्ही भराल ना? पुढच्या कामासाठी मी एजन्सीत तुमच्याबद्दल चांगलंच सांगेन."

"हो."

शब्द तिच्याच तोंडून इतका पटकन आला, की तिनं चमकून आजोबांकडे पाहिलं.