कपाशीवरचं विमान आणि आम्ही दोघं झेंडेवाले

बसवलं शेवटी लिहायला! माझी शाळा चौथीपतोर, माझं अक्षर मलाच परत वाचता येत नाय. पण नातसुनेनं वही पुढ्यात टाकली. "आजोबा, रोज सांगता त्यापेक्षा एकदाचं लिहूनच काढा." म्हणजे ऐकायचा कंटाळा आलाय, तर सरळ सांगायचं ना!

निमित्त काय, तर गावाकडं फवारणीला ड्रोन आलंय. मोबाईलवर दाखवून मलाच विचारती, "पाहिलं व्हतं का असं कधी?" अगं, आमच्या कपाशीवर खरं विमान यायचं! आत माणूस बसलेलं! ह्या गोष्टींचं असं हाय, एक काढली की चार तिच्यामागं उभ्याच. मी काय करू?

* * *

सिल्लोडकडं कपाशीत बोंडअळी शिरली की विमान यायचं औषध मारायला. वरून पायलटला कळावं कुठून कुठं मारायचं, म्हणून वावराच्या दोन टोकांना दोन माणसं पांढरे झेंडे घेऊन उभी. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझा दोस्त भिका. विमान एका झेंड्यावरून दुसऱ्या झेंड्याकडं सरळ जायचं. गेलं की आम्ही मोजून पावलं टाकत बाजूला सरकायचं, परत झेंडा वर.

पहिल्याच दिवशी विमान एवढं खाली आलं की भिका झेंड्यासकट सरीत आडवा!

पायलट म्हणजे आमचे कॅप्टनसाहेब, पंजाबकडचे. उतरल्यावर त्यांनी भिकाला जवळ बोलावलं. "मैं तेरा झंडा देख के उड़ता हूँ. तू लेट गया, तो मैं भी लेट जाऊँ?"

* * *

फवारणीच्या आधी गावात दवंडी. पाणी झाका, अन्न झाका, जनावरं आत बांधा. सगळं गाव दारं लावून बसायचं. एका गावात मात्र एक म्हातारी डोक्यावर खाट घेऊन वावराकडं निघालेली. खाटेवर गादी, गोधडी, सगळं.

मी वरडलो, "आजे, कुठं निघालीस? माघारी फीर!"

"ढेकूण लई झालेत बाबा. मागं मलेरियावाले घरात येऊन भिंतीला फवारा मारायचे, तर ढेकूण बी मरायचे. आता ते येईनात."

"अगं, हे कपाशीचं औषध हाय! आम्ही मलेरियावाले नाय!"

म्हातारीनं खाट बांधावर टेकवली, वर आभाळात पाहिलं आन म्हणाली, "ते पायी येत व्हते तर एवढं करायचे. तुम्ही इमानातून येता आन नाय म्हणता?"

* * *

औषध आमच्या अंगावरच पडायचं. तोंडाला उपरणं, बाकी काय नाय. दोनदा साबण लावला तरी वास जाईना. आता डॉक्टरला सांगितलं तर तो डोळे फाडून बघतो.

बायको तेव्हा नवीन होती. मला वाटलं, ही नाक मुरडणार. ती मात्र मी घरी आलो की पीठ मळायची परात उचलून माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा विचारलं, "वास येत नाय का गं?"

"येतो की."

"मग?"

"तुमच्याजवळ डास चावत नाय!"

आता मी मच्छरदाणी लावतो. वास कधीच गेला, ती बी गेली.

* * *

विमानात कॅप्टनसाहेबांच्या मागं एक बारकी सीट होती, मेकॅनिकसाठी. मेकॅनिक म्हणजे शहागंजचा रशीदभाई. टाकी भरणारा बी तोच. मला त्या सीटवर एकदा बसायचं होतं. एकदाच! रोज विचारायचो. साहेब म्हणायचे, "सीज़न खत्म होने दे, पक्का घुमाऊँगा."

रशीदभाई चिडवायचा. "ऊपर जा के क्या देखेगा मियाँ?"

"आमचं घर."

"घर तो रोज देखता है!"

"रोज भिंती दिसत्यात. सगळं मिळून केवढं हाय, ते पाहायचंय."



* * *

सीझनचा शेवटचा दिवस. आईला सांगून आलो होतो, "पिवळं लुगडं माळवदावर पसरून ठेव, म्हणजे वरून घर वळखू येईल. मी हात करीन." भिकाला बी हे सगळं ठाऊक. सकाळपासून दुसरं बोललोच नव्हतो.

आमचा नियम असा, की समोरचा झेंडा उभा हाय तोवर आपण जागा सोडायची नाय. शेवटची टाकी मारून विमान उतरायला गेलं. ते उतरायचं भिकाच्या टोकाला, गायरानात. मी थांबलो. समोर भिकाचा झेंडा उभा. ऊन चढलं, तरी झेंडा उभा. म्हणलं, अजून एक फेरी असंल.

विमान आलं. माझ्या डोक्यावरून गेलं, औषधाचा थेंब पडला नाय. मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं. विमान वळलं ते सरळ आमच्या गावाकडं.

वावर तुडवीत पलीकडं गेलो. झेंडा बाभळीला बांधलेला! रशीदभाई तिथंच पिपं गोळा करत होता. मला बघून म्हणाला, "अरे, तू इधर? भिका तो बोला, रामा डर गया, नहीं आता!"

संध्याकाळी घरी गेलो तर आई दारात उभी. डोळ्यांत पाणी. "पाहिलं रे! केवढा खाली आलास! मी बी हात केला, दिसले का?"

मी म्हणलं, "दिसलीस."

मरेस्तोवर ती साऱ्या गावाला सांगायची, माझ्या रामानं विमानातून हात केला.

हात करणारा भिका होता. आता पडेगावला लेकाकडं राहतो. अजून माफी मागितली नाय भिकानं.