पिशवीतला पेला

सरकारी दवाखान्यातून रिटायर होऊनही ही नर्सबाई कामठीत कुणी अडलं की निघतेच. ‘घाबरून कायले राहिली? मी आली ना!’ म्हणत ती आत शिरली, की बाळंतिणीची निम्मी भीती पळते. माझी पोर तिच्याच हातांवर आली.

स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली, पण आमच्या घरात तिच्या जातीला कप नाही. म्हणून ती ओसरीवर बसून पिशवीतला आपलाच जर्मनचा पेला पुढे धरते. मी चहाची किटली घेऊन घुटमळले तर हसते, ‘लाजतेस कायले, बाई? टाक वरतून.’ मी वरूनच ओतते.

काल माझ्याआधी पोरच चहा घेऊन गेली. कोणी न सांगता तिनं किटली उंच धरली. नर्सबाई हसली नाही.