राहीबाईंचा पुढचा दात

लग्नसराई आली की महाडात माझ्या दवाखान्यात दात पांढरे करून घेणाऱ्यांची रांग लागते, आणि मला नको नको होतं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून मान कामातून गेली आहे. त्यात एका दुपारी उमरठच्या राहीबाई मुलाला घेऊन आल्या, तेही तोंडाला पदर लावून.

राहीबाई तोंड झाकणाऱ्यांतल्या नव्हेत. नवरा गेल्यावर डोंगरउतारावरची नाचणी त्यांनी एकटीने काढली, एकुलत्या एका राजेशला शिकवून मुंबईला धाडलं, आणि एवढं सगळं निस्तरून ही बाई खदाखदा हसायची. मिसरी लावून लावून दात तपकिरी पडलेले. पुढचा एक किडला, तो मीच भरला होता. मिसरी सोडा म्हणून दर खेपेला कटकट करायचे, तरी त्या तपकिरी दातांशी फिलिंगचा रंग जुळवताना मी जीव ओतला होता. भरलेला दात कुठला, ते त्यांचं त्यांना सापडत नसे. त्याचंही त्यांना हसूच यायचं.

त्यांनी पदर काढला. बाकीचे दात पांढरेफटक आणि मधोमध माझं तपकिरी फिलिंग. हिरड्या सोललेल्या.

"हे काय करून घेतलंत?"

"राजूनं मिसरी सोडवली. तिच्या बदल्यात ही टूब दिली," त्या म्हणाल्या. "तलफ आली का बोटावर घ्यायची आन् घासत बसायची. मिसरीवानी."

दात पांढरे करायचं जेल होतं ते. दातांवर बसणाऱ्या साच्यात थोडंसं घालून ठरलेला वेळ लावायचं. ही बाई उंबऱ्यावर बसून दिवसभर बोटाने चोळत होती! मी राजेशकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता.

त्या औषधाने दात उजळतात, फिलिंग उजळत नाही. उलट अति झालं की त्याची कड दातापासून सुटू शकते. राहीबाईंची सुटली होती. गार वारा लागला तरी कळ मस्तकात जात होती.

"मॅडम, आजच व्हाइट फिलिंग मारून टाका ना," राजेश म्हणाला. "संडेला लगीन हाय. पोरीकडची मान्सं पुन्याची. फोटोत आय कशी दिसंल?"

"आज भरलं तर धरणार नाही. औषधाचा अंश दातात असेपर्यंत नवं फिलिंग नीट चिकटत नाही. निदान दोन आठवडे थांबायला हवं."

मी कळ कमी करायचं औषध लावत होते, तेवढ्यात तो आईला म्हणाला, "आये, मग लग्नात तू हसू नको."

"बरं," म्हणून राहीबाईंनी पदर पुन्हा वर घेतला.

लग्नानंतर त्या एकट्याच आल्या. राजेश बायकोला घेऊन मुंबईला गेला होता. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत राहीबाई ओठ घट्ट मिटून उभ्या.

"एकदा पन हसले नाय बघ," त्या म्हणाल्या, सोपवलेलं काम चोख केल्यासारख्या.

मी रंगाचे नमुने काढून त्यांच्या दातांना लावून बघितले. सगळ्यात पांढरा जुळत होता. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि टोकाच्या गडद नमुन्यावर बोट ठेवलं.

"ह्योच भर. मिसरी परत लावायला लागलेय. बाकीचे येतील हळूहळू त्याच्या रंगाला."

मी वैतागले. "एवढं सोसलंत राहीबाई, आता तरी राहू द्या की पांढरे."

"कुनासाठी गो बाय?" त्या म्हणाल्या. "ल्योक एकच. त्याचं लगीन झालं."