रफ हातांची सही

तलासरीला हायवेवर पुण्याच्या बसची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा आई माझ्या बॅगेत चिकू कोंबत होती. तिचा हात माझ्या नव्या ओढणीला घासला आणि एक धागा निघाला. "मेले हे रफ हात," ती म्हणाली. घोलवडच्या आमच्या पाड्यावर इंग्रजी कुणाला येत नाही, पण रफ सगळ्यांना येतं. शेठच्या चिकूवाडीत मजुरीला घालायचे कपडे रफ, पाड्याचा रस्ता रफ, शेठच्या ड्रायव्हरचं बोलणंही रफ. शाळेत माझी रफ वहीच खरी होती. फेअर वहीत मी नुसतं सजवून उतरवायचे.

पुण्यात मात्र हा शब्द माझ्याच मागे लागला. हॉस्टेलच्या मुलींना माझं बोलणं रफ वाटायचं. एकीनं तर प्रेमानं क्रीमची ट्यूब दिली, 'स्किन फार रफ आहे गं तुझी' म्हणून. मी ती ट्यूब संपवली. आज राग येतो तो तिचा नाही, माझा.

मग फळं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये तपासणीला लागले. सहा महिने प्रोबेशन, नंतर कायम. पाचव्या महिन्यात चिकूचा लॉट आला, सालीवरची भुकटी घासून काढून चकाचक केलेला. माझा अंगठा आपोआप चालू लागला. तोडणीच्या वेळी आई झाडावरच्या फळाला नख लावून बघते. खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचं, पिवळसर दिसलं तर तोडायचं. "वरून सगळेच तयार दिसतात, पोरी," हे तिचं ठरलेलं. पण ही पारख झाडावरची. पेटीतल्या फळाला ओरखडा पडला की ते बाद, हे मला पाठ होतं. तरी अख्खी पेटी ओरबाडून झाल्यावरच मी भानावर आले. सगळी फळं आतून हिरवी होती.

सुपरवायझर मॅडमनी कागद पुढे केला. रफ हाताळणीमुळे पेटी खराब झाली असं लिही, लॉट पास कर, मग तुला कायम करायचं बघते, म्हणाल्या. पहिलं वाक्य मी लिहिलं, कारण ते खरं होतं. त्याखाली लिहिलं, लॉट कच्चा आहे, पाठवू नये. आणि सही केली. कागद बदलायला सांगितला तेव्हा नाही म्हटलं. महिनाअखेरीस त्यांनी मला उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणून कळवलं.

फोनवर आई कुजबुजली, "म्हणतील ते लिहून द्यायचं ना. शेठपुढं तोंड उघडून आपलं कधी भलं झालंय?" आई, राग मानू नकोस, पण तोंड मिटून तरी कुठे झालं? इतकी वर्षं तू गप्प राहिलीस आणि अजून त्याच्या चिकूच्या पाट्याच उचलतेस.

परत ये म्हणतेस. नाही येणार. मार्केटयार्डात एका व्यापाऱ्याकडे लागले आहे. तो मला विचारतो, माल कसा आहे, आणि मी सांगते ते ऐकतो. पाड्यावरून नर्सिंगला, कंपनीत गेलेल्या पोरींनो, तुम्हालाही कुणीतरी रफ म्हणेल. क्रीम लावायची तर खुशाल लावा, पण खोट्या कागदावर सही करू नका.

हॉस्टेल सोडून खोली घेतली आहे. भिंती पातळ आहेत, शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं. घोलवड माझं गाव आहेच, पण घर म्हटलं की आता ही खोली डोळ्यांपुढे येते. आई, दिवाळीनंतर राहायला ये. आणि इथे कुजबुजू नकोस. इथे कुणी शेठ नाही, मोठ्यानं बोल.