पहिल्या फोटोचा मान

नारळ फुटला आणि त्याच्या पाण्याचा गोडसर वास आला की मला बोरीच्या शाळेचा व्हरांडा आठवतो. टीबी तपासणीच्या कॅम्पात छातीचा एक्स-रे फोटो काढणारं हातात मावेल एवढं मशीन तिथं आलं होतं. फोटो निघाला की शेजारचा लॅपटॉप स्वतःच तो वाचायचा आणि संशयाची जागा लाल करून दाखवायचा. आमच्याकडं नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. मशीनलाही हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि पहिल्या फोटोचा मान गावचे जुने गुरुजी म्हणून माझ्या वडलांना मिळाला. त्यांना ना खोकला, ना ताप. गळ्यातला झेंडूचा हार काढून ते ऐटीत उभे राहिले, आणि पडद्यावर त्यांच्या उजव्या छातीत लाल डाग उमटला. "नवीन मशीन हाय, चुकलं आसंल," सरपंच म्हणाले. वडील हातातल्या हाराच्या पाकळ्या खुडत राहिले. कॅम्पाबरोबर आलेली सिस्टर मात्र हटली नाही. "गुरुजी, थुंकी तपासू, मगच बोलू." टीबी निघाला, अगदी सुरुवातीचा. मी रोज त्यांच्या पंगतीला जेवायचो, मला काही दिसलं नव्हतं. त्या यंत्राला एका फोटोत दिसलं. सहा महिने गोळ्या खाऊन ते खडखडीत झाले. परवा पुन्हा कॅम्प आला. नारळ मीच फोडला, पण लाल डागाच्या धास्तीनं फोटोला कुणी पुढं होईना. तेव्हा वडील उठले. "त्या मशीनला आपला मानपान कळत न्हाई रे," ते म्हणाले, "म्हणून तर मी आज हितं हाय."